बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये ऊर्जा व्यवस्थापनाची सुरुवात कशी करावी

सांगली, मिरज आणि तासगाव परिसरातील अनेक कोल्ड स्टोअरेजमध्ये ऊर्जा लेखापरीक्षणाचा अहवाल कपाटात पडून राहतो, कारण तो अमलात आणण्याची जबाबदारी कोणावरच सोपवलेली नसते. म्हणून कंप्रेसर चालवणाऱ्या अनुभवी माणसालाच लेखी जबाबदारी द्यावी आणि त्याने ठेवलेल्या नोंदी मालकाने दरमहा स्वतः पाहाव्यात.

प्रथम मागील बारा महिन्यांची बिले समोर घेऊन युनिट, कमाल मागणी (महिन्यात एका वेळी घेतलेला सर्वाधिक वीजभार) आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारे प्रमाण) एका तक्त्यात मांडावेत. ज्यांची आकारणी केव्हीएएचनुसार, म्हणजे केवळ प्रत्यक्ष वापरावर नव्हे तर पुरवठ्यातून घेतलेल्या एकूण विजेवर होते, त्यांचा पॉवर फॅक्टर ०.९० असल्यास प्रत्यक्ष वापरलेल्या ९० युनिटसाठी १०० युनिटचे पैसे भरावे लागतात. अशा ठिकाणी पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलची तपासणी लगेच करून घ्यावी.

खरी बचत मात्र कंप्रेसर रूममध्ये आहे. कंप्रेसरला स्वतंत्र मीटर बसवून रोज ठरावीक वेळी युनिट, सक्शन व डिस्चार्ज प्रेशर (कंप्रेसरमध्ये शिरणाऱ्या व त्यातून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब), बाहेरचे तापमान आणि चेंबरमधील माल यांची नोंद ठेवावी. हवामान व माल साधारण तेवढाच असताना डिस्चार्ज प्रेशर चढू लागले, तर कंडेन्सरवर (थंडावा देणाऱ्या अमोनिया वायूचा पुन्हा द्रव करणाऱ्या भागावर) क्षार साचले आहेत किंवा अमोनियात हवा शिरली आहे, असा संशय घ्यावा. कंडेन्सिंग तापमान, म्हणजे अमोनिया द्रव होण्याचे तापमान, एक अंशाने वाढले की विजेचा वापर ढोबळमानाने दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो. कंडेन्सरसाठी बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी तर पाण्याच्या शुद्धीकरणाकडे दुर्लक्ष करूच नये. सक्शन प्रेशर उतरत असल्यास चेंबर थंड करणाऱ्या कॉइलवरील बर्फ पाहावा आणि डिफ्रॉस्टची (तो बर्फ वितळवण्याची) वेळ त्यानुसार ठरवावी.

हंगामात गाड्या उतरवताना चेंबरचे दार उघडे राहते व दमट गरम हवा आत शिरते. पट्ट्यांचे पडदे, दाराचे रबर आणि हमालांना दिलेली स्पष्ट सूचना, एवढ्यावरही बराच फरक पडतो. माल थंड झाल्यावर पंख्यांचा वेग व्हीएफडीने (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने) ८० टक्क्यांवर आणल्यास त्यांची वीज जवळपास निम्मी होते. मात्र शेवटच्या थरापर्यंत हवा पोहोचते आहे का, हे तापमापकाने पाहूनच वेग कमी करावा.

२०१८ मध्ये सुधारलेले ऊर्जा व्यवस्थापनाचे आयएसओ ५०००१ हे आंतरराष्ट्रीय मानक हीच पद्धत व्यवस्थापनाच्या चौकटीत बसवते; प्रमाणपत्र ग्राहकाने मागितल्यास घ्यावे. सौर पॅनेलची क्षमता वरील दुरुस्त्या झाल्यानंतरच ठरवावी, अन्यथा वाया जाणाऱ्या विजेसाठीही भांडवल गुंतवावे लागते.