घरी बीपी कसं मोजायचं: सगळा घोळ पट्ट्यात असतो

आता घरोघरी बीपीचं मशीन आहे. औषधांच्या डब्याशेजारी पडलेलं असतं आणि कुणाला जरा गरगरलं की बाहेर निघतं. मग सोफ्यावर रेलून, टीव्ही चालू, समोरचा माणूस बोलतोय, दंडाला कसातरी पट्टा गुंडाळून बटण दाबायचं आणि १५८ आलं की सगळं घर हवालदिल. असे फोन मला येतात, कारण आमच्याकडे सासूबाईंचं, ह्यांचं आणि आता माझंही बीपी मोजून वहीत लिहायचं खातं माझ्याकडे आहे, कित्येक वर्षं. मी डॉक्टर नाही, गोळ्यांबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पण मोजायचं कसं ह्यावर इतका भंगार सल्ला फिरत असतो, 'डाव्या हाताचंच खरं', 'आडवं पडून घ्या, कमी येतं', 'तीनदा घ्या आणि सगळ्यात कमी आलेलं धरा', की एकदा सगळं लिहून टाकते.

मशीन कोणतं

दंडाला बांधायचं, ऑटोमॅटिक. मनगटाचं घेऊ नका, त्यात हात कुठे धरलाय ह्यावर आकडा इतका हलतो की नीट मोजणं हेच एक कौशल्य होऊन बसतं. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी अॅप्स तर सरळ डिलीट करा. घ्यायच्या आधी मॉडेलचं नाव 'स्ट्राइड बीपी'च्या वेबसाइटवर टाकून बघा, तपासून पास झालेल्या मशीनची यादी तिथे फुकट बघायला मिळते. ब्लूटूथ, रंगीत स्क्रीन वगैरे हवं तर घ्या, बीपीला त्याचा उपयोग नाही.

बसायच्या आधी

चहा, कॉफी, तंबाखू, सिगरेट, व्यायाम, ह्यातलं काहीही झालं असेल तर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या, भरल्या ब्लॅडरने आकडा वाढतो, हे बऱ्याच जणांना खोटं वाटतं पण खरं आहे. नुकतंच पोटभर जेवला असाल तर तेव्हाही नको.

बसणं

पाठ टेकेल अशी सरळ खुर्ची, डायनिंग टेबलची चालते. सोफा नको, त्यात माणूस रुततो. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पायावर पाय नाही. आमच्या सासूबाई उंचीने कमी, खुर्चीत बसल्या की पाय अधांतरी, म्हणून त्यांच्या पायाखाली देवघरातला पाट येतो. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे फोनही बाजूला, ऑफिसच्या ग्रुपवर एक नजर टाकतो म्हणणाऱ्यांनी परत पहिल्यापासून पाच मिनिटं मोजावीत. कामाच्या घाईत सगळ्यात आधी हीच पाच मिनिटं उडवली जातात. 'वेळ नाही म्हणून लगेच घेतलं' असं असेल तर त्या दिवशी घेऊच नका, तो आकडा जिना चढल्याचा असतो.

पट्टा

इथे मी सगळ्यात जास्त झगडलेय, त्यामुळे इथे जरा सविस्तर.

आधी मशीन आत काय करतं ते समजून घ्या. पट्टा फुगतो, धमनी दाबली जाते, मग हवा हळूहळू सुटायला लागली की रक्ताच्या प्रत्येक ठोक्यासरशी पट्ट्यातल्या हवेत बारीक हेलकावे उठतात, ते हेलकावे पकडून त्यावरून मशीन हिशेब करतं आणि वरचं-खालचं सांगतं. म्हणजे त्याला जे काही कळतं ते फक्त पट्ट्यातून. पट्टा लहान, सैल, घसरलेला, कपड्यावरून बांधलेला असेल तर मशीन बापडं मिळालेल्या हेलकाव्यांवरून काहीतरी आकडा काढून देतं, आणि तो चुकीचा आहे असं स्क्रीनवर लिहून येत नाही.

पहिली गोष्ट साइज. मशीनबरोबर येणारा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. टेलरची टेप घ्या, खांदा आणि कोपर ह्यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. ३२च्या वर असेल तर मोठा पट्टा लागतोच, ह्यात 'चालतंय की' नाही. लहान पट्टा आवळून बसवला की आकडा फुगतो, आणि थोडाथोडका नाही, अमेरिकेत २०२३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीच्या पट्ट्याने मोजल्यावर वरचं बीपी सरासरी जवळपास २० ने जास्त आलं. वीस! तेवढ्यात माणूस नॉर्मलमधून पेशंटमध्ये जातो. उलटं पण होतं, बारीक दंडाला ढगळ मोठा पट्टा लावला की आकडा खोटाच कमी येतो आणि आपण खूश. हे काही नवीन नाही बरं का, १८९६ मध्ये इटलीत रिवा-रॉची नावाच्या डॉक्टरने दंडाला बांधायचा पट्टा काढला तोच मुळात अरुंद होता, आणि पाचच वर्षांनी जर्मनीतल्या रेक्लिंगहाउझेन नावाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की अरुंद पट्ट्याने बीपी जास्त दिसतं. सव्वाशे वर्षं झाली, आपण अजून डब्यातून निघेल तो पट्टा गुंडाळतोय. त्याच कंपनीचा मोठा पट्टा वेगळा मिळतो, पैसे त्यावर घाला. दुसऱ्या कंपनीचा नको, पिन बसली तरी.

दुसरी गोष्ट कपडे. पट्टा उघड्या दंडावर. शर्टाची बाही वर सारून नाही, कारण घट्ट गुंडाळलेली बाही वरती स्वतःच एक फास होऊन बसते. साडी नेसणाऱ्यांचं खरं अवघड इथे आहे, ब्लाउजची बाही कोपरापर्यंत आणि घट्ट शिवलेली, ती वर जात नाही आणि गेली तर आणखी आवळते. सासूबाईंशी ह्यावरून माझे वाद झालेत. आता बीपी सकाळी आंघोळीच्या आधी, बिनबाह्यांच्या गाऊनमध्ये. कुणाला संकोच वाटत असेल तर वरून पदर किंवा ओढणी घ्या, पण दंड मोकळा पाहिजे.

तिसरी गोष्ट, बांधणं. पट्ट्याची खालची कड कोपराच्या आतल्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर, दोन बोटं आडवी धरा. नळी किंवा पट्ट्यावरची खूण दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कोपराच्या जरा वर बोट दाबलं की ठोका लागतो त्या रेषेत. धातूची कडी असेल तर ती त्या ठोक्यावर येऊ देऊ नका. मग आवळायचं इतकंच की कडेने एक-दोन बोटं आत जातील आणि तरी पट्टा गोल फिरणार नाही.

आणि आता माझं जुनं दुखणं. ज्यांचा दंड वर जाड आणि कोपराकडे निमुळता असतो त्यांना पट्टा सरळ गुंडाळला की खालची कड सैल राहते, फुगताना तो घसरत कोपरावर येतो, मशीन एरर देतं, परत फुगवायचं, हात दुखतो, सासूबाई वैतागतात, आणि वैतागल्यावर बीपी वाढणारच ना. पुष्कळ दिवस मला वाटायचं मशीनच खराब आहे. उपाय असा की मोठा पट्टा घ्यायचा आणि तो किंचित तिरका गुंडाळायचा, दंडाच्या उताराप्रमाणे, म्हणजे वरची आणि खालची दोन्ही कडा अंगाला लागतात, वेल्क्रोची टोकं एकावर एक बरोबर बसत नाहीत पण त्याने काही बिघडत नाही. बांधून झालं की दोन्ही कडांतून बोट घालून बघा, वर एक जातंय आणि खाली तीन जातायत असं असेल तर सोडा आणि परत बांधा. दुसऱ्याकडून बांधून घेता आलं तर उत्तम, एका हाताने स्वतःला नीट बांधणं सुरुवातीला जमत नाही, मग जमतं.

हात कुठे ठेवायचा

पट्टा हृदयाच्या पातळीत, म्हणजे पट्ट्याचा मध्य छातीच्या मधोमध येईल असा, आणि हात पूर्ण टेकलेला. टेकलेला म्हणजे तुम्ही स्वतः उचलून धरलेला नाही, स्नायू ताणलेला असेल तरी आकडा वाढतो. हात खाली गेला की बीपी जास्त दिसतं, वर गेला की कमी, साधं उंचीचं गणित आहे, १० सेंटीमीटरला साधारण ७-८ चा फरक. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांनी २०२४ मध्ये हेच मोजून दाखवलं, हात टेबलावर न ठेवता मांडीवर ठेवला तर वरचं बीपी सरासरी ४ ने जास्त आणि बाजूला लोंबता सोडला तर साडेसहाने जास्त. टेबल बुटकं पडत असेल तर हाताखाली घडी घातलेली चादर किंवा उशी. तळवा वर, मूठ उघडी. जमिनीवर मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून घेतलेलं बीपी मी वहीत लिहीतच नाही.

आडवं पडून घ्या म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, नॉर्मल किती आणि जास्त किती हे बसून घेतलेल्या आकड्यांवर ठरवलेलं आहे, त्यामुळे बसूनच घ्या.

कोणता हात

पहिल्यांदा दोन्ही हातांचं घ्या. ज्याचं जास्त येतं तो हात पुढे कायम. दोन्हींत वरच्या आकड्याचा फरक वारंवार १० पेक्षा जास्त येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. डायलिसिससाठी फिस्टुला (ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडलेली जागा) केलेला हात वापरायचा नाही, स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बटण

दाबा आणि गप्प बसा. 'किती आलं?' असं मध्येच विचारणाऱ्याला खोलीबाहेर काढा.

किती वेळा

दोनदा, मध्ये एक मिनिट. दोन्ही आकडे लिहायचे, आवडलेला एकच नाही. सकाळी उठल्यावर तासाभरात, गोळीच्या आणि नाश्त्याच्या आधी, आणि संध्याकाळी किंवा रात्री एकदा. डॉक्टरांकडे जायचं असेल तर आधीचे सात दिवस असं करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या (पहिल्या दिवशी सगळेच टेन्शनमध्ये असतात), बाकीच्यांची सरासरी काढा. आठवडा जमत नसेल तर निदान तीन दिवस. ही सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर डॉक्टरांना दाखवा, दवाखान्यात जी रेघ १४०/९० ला धरतात ती घरच्या मोजणीला थोडी खाली असते. अमेरिकेतले लोक १३०/८० म्हणतात, तो वाद डॉक्टरांना घालू दे.

काहींचं दवाखान्यात पाऊल टाकलं की बीपी वाढतं आणि घरी नॉर्मल येतं, ते सगळ्यांना माहीत असतं. उलटा प्रकार कुणी लक्षात घेत नाही, म्हणजे डॉक्टरांसमोर १२८ आणि घरी, ऑफिसच्या दिवशी सकाळी, १४५. चाळिशीतल्या, झोप कमी, 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या मंडळींनी घरी आठवडाभर मोजायचं ते ह्याचसाठी. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही असा हिशेब करू नका, बहुतेकांना काहीसुद्धा जाणवत नाही.

आणि दिवसभर दर तासाला मोजत बसू नका. जास्त आलं की घाबरून परत, परत जास्त, परत दाब. ह्यांनी एकदा असा अख्खा रविवार घालवला, शेवटी मशीन मी कपाटात कुलपात ठेवलं. बीपी दिवसभर वरखाली होतंच, एका आकड्यावरून काही ठरत नाही.

कधी थांबायचं नाही

१८०/१२० च्या वर आलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड किंवा हातपाय एका बाजूने लुळे पडणं, बोलताना जीभ अडखळणं, एकदम दिसेनासं होणं, असं काही असेल तर दुसरं रीडिंग घेत बसू नका, १०८ ला फोन करा. काहीच त्रास नसेल तर पट्टा तपासा, पाच मिनिटं शांत बसून परत घ्या, तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. शेजारच्या काकांची गोळी अर्धी तोडून घेणं हा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय, कृपा करून करू नका. आकडे चांगले आले म्हणून आपली गोळी बंद करणं पण तसंच, गोळीमुळेच चांगले आलेत.

दवाखान्यात नेताना

वर्षातून एकदा मशीन पिशवीत टाकून सोबत न्या, तुमच्या पट्ट्यासकट, आणि डॉक्टरांच्या मशीनशी ताडून घ्या. ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांनी तर आधीच विचारून घ्या की ऑटोमॅटिक मशीनवर किती भरवसा ठेवायचा, कारण त्यात त्याचा हिशेब चुकू शकतो. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे, नाडी, आणि गोळी आधी की नंतर एवढं पुरे. सरासरी वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, बाहेर वीस पेशंट बसलेले असताना डॉक्टर तुमची सगळी पानं वाचणार नाहीत.