शहराच्या आराखड्यात मूलनिवासी समाजांना सहभागी करून घेताना

मोठ्या नागरी प्रकल्पाची पहिली बैठक जागा निश्चित होण्यापूर्वीच मूलनिवासी समाजाबरोबर घ्यावी, कारण आराखडा पक्का झाल्यावर विचारलेले मत ही निव्वळ औपचारिकता उरते, आणि ते समोरच्यांनाही कळते. मूलनिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातील कलम ३२ प्रमाणे त्यांच्या जमिनीवर परिणाम करणाऱ्या प्रकल्पासाठी मुक्त, पूर्व (म्हणजे मंजुरीआधीची) आणि माहितीपूर्ण संमती मिळवण्याच्या हेतूने त्यांच्याच प्रातिनिधिक संस्थांमार्फत सल्लामसलत व्हायला हवी. म्हणून बोलणी कोणाशी करायची, हे त्या समाजाला ठरवू द्यावे.

नकाशा टेबलावर पसरून न थांबता वडीलधाऱ्यांबरोबर ती जागा पायी फिरावी. नकाशावर ‘मोकळी जमीन’ म्हणून रंगवलेला तुकडा त्यांच्या पूर्वजांची दफनभूमी असू शकतो. अशी माहिती त्यांच्या परवानगीविना कोठेही छापू नये. त्यांच्या वकिलाचा व नियोजनतज्ज्ञाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा.

समाज असे निर्णय स्वतःही घेऊ शकतो: कॅनडातील व्हँकुव्हर शहरात सेनाक्व येथे स्क्वामिश नेशन या मूलनिवासी समाजाने स्वतःच्या जमिनीवर हजारो घरे उभारण्याचा निर्णय २०१९ मध्ये सदस्यांच्या मतदानाने घेतला. तुमच्या प्रकल्पाला समाजाकडून नकार आल्यास तो कारणांसह लेखी नोंदवावा आणि आराखडा बदलून पुन्हा चर्चेला बसावे.