‘इन्कोएट’ वापरताना या चुका टाळा

सुरू झालेलं, पण अजून पुरतं आकाराला न आलेलं, ते इंग्रजीत ‘इन्कोएट’ (inchoate). एवढा साधा अर्थ असूनही या शब्दावर सतत अन्याय होतो.

सगळ्यात त्रास देणारी चूक म्हणजे त्याला ‘केऑस’चा (chaos) भाऊबंद समजून ‘गोंधळलेलं’ असा अर्थ लावणं. कायद्याच्या एका पुस्तकाचा अनुवाद माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात ‘इन्कोएट ऑफेन्स’ सगळीकडे ‘अस्पष्ट गुन्हा’ झाला होता. मुळात मुद्दा असा की, गुन्ह्याचा प्रयत्न किंवा कट हाच गुन्हा ठरतो, ठरवलेलं कृत्य तडीस गेलं नाही तरी. अनुवादात मात्र शिक्षा अस्पष्टतेला होत होती. सगळं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. अनुवादकाने शब्दकोश उघडलाच नव्हता; स्पेलिंगमधलं ‘सीएच’ पाहून अंदाज बांधला होता. नवशिक्यांच्या या घाईचा मला मनापासून राग येतो.

‘केऑस’ ग्रीकमधून आला. ‘इन्कोएट’ लॅटिनमधून, ‘सुरू करणे’ या अर्थाच्या ‘इन्कोहारे’ या क्रियापदावरून. तिथे (incohare) ‘एच’ मुळात ‘ओ’च्या नंतर होता, पुढे जागा बदलून ‘सी’ला चिकटला. बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ ‘कोहुम’मध्ये शोधतात: नांगराचा दांडा जुवाला बांधायचा पट्टा. नांगर जुंपला, शेत अजून नांगरायचंय! आपणही कामाला ‘जुंपून घेतो’, त्यामुळे मराठी माणसाला हा अर्थ पाठ करावा लागू नये.

दुसरी चूक याच अज्ञानातून येते. सुरुवातीचा ‘इन’ नकारार्थी धरून लोक ‘कोएट’ म्हणजे ‘पूर्ण’ असा शब्द तयार करतात. अमेरिकी कायद्यात ‘कोएट लीन’ (येण्यापोटी मालमत्तेवर पक्का झालेला हक्क) रूढ आहे, म्हणून तो शब्दकोशांतही सापडतो. तरी कायद्याबाहेर मी तो कापतोच. ‘कम्प्लीट’ असताना त्याची गरज काय?

उच्चारात ‘च’ आणू नका.

‘इन्सिपियंट’च्या जागी हा टाकू नका. रोगाची पहिली लक्षणं ‘इन्सिपियंट’, म्हणजे नुकती डोकं वर काढणारी. मनात घोळणारी, अजून वाक्यात न मावणारी कल्पना ‘इन्कोएट’. ठरवता येत नसेल तर मी स्वतःला विचारतो: इथे भर नवेपणावर आहे की अपुरेपणावर? अपुरेपणावर असेल तरच ‘इन्कोएट’ ठेवतो.