वीज कुठे जाते, आधी मीटरला विचारा

दिवे विझवत फिरण्याआधी अर्धा तास मीटरसमोर घालवा. घरातलं सगळं बंद करा आणि फ्रिज, सेट-टॉप बॉक्स यांचे प्लगही काढा. मीटरवर लुकलुकणाऱ्या दिव्याची प्रत्येक उघडझाप म्हणजे एक पल्स. एका युनिटला किती पल्स, हे मीटरवर छापलेलं असतं. समजा ३२०० आहे.

सगळं बंद असताना दिवा स्थिर राहिला किंवा विझला तर ठीक. तरीही लुकलुकत असेल तर मुख्य बोर्डावरचे एकेका लाइनची वीज तोडणारे स्विच, म्हणजे एमसीबी, एकेक करून खाली करा. ज्यामुळे लुकलुक थांबेल, त्या लाइनवर एखादी वस्तू चालू राहिली आहे किंवा गळती आहे. विसरलेली वस्तू सापडली नाही तर इलेक्ट्रिशियन बोलवा, वायरिंगला हात लावू नका.

मग एकेक वस्तू लावून मोजा. १५ मिनिटांत ८ पल्स म्हणजे १० वॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण रिमोटनं 'बंद' केलेला सेट-टॉप बॉक्स एवढी वीज खात असेल तर चोवीस तास, तीस दिवस मिळून ७ युनिट होतात. त्याला बटण असलेल्या सॉकेटवर घ्या. मोबाइलचा रिकामा चार्जर मात्र नगण्य, त्याच्या मागे लागू नका.

बदलायला एकच वस्तू परवडत असेल तर पंखा बदला. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. रोज १५ तास चालला तर महिन्याला २० युनिटांचा फरक पडतो. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका, आतलं सर्किट बिघडतं. रेग्युलेटर काढून थेट स्विचवर जोडून घ्या. पंखा बदलायचा नसेल आणि रेग्युलेटर जुना, डब्यासारखा, हाताला गरम लागणारा असेल, तर निदान तो बदला. पंख्याची कमी केलेली वीज तो उष्णतेत घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसं करत नाही. पंखा पाचवर ठेवूनही मंद फिरत असेल तर बहुधा त्याचा कपॅसिटर (मोटर फिरायला मदत करणारा छोटा भाग) उतरलाय. जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच नवा बसवा, बऱ्याचदा तो २.५ असतो.

गिझरचं गणित सरळ आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं आणि २००० वॅटच्या गिझरला १८ मिनिटं. म्हणून अंघोळीआधी वीस मिनिटं लावा आणि सगळ्यांच्या अंघोळी लागोपाठ उरका. दिवसभर चालू ठेवलात तर टाकीतून निसटणारी उष्णता तो पुन्हा पुन्हा भरत बसतो.

फ्रिजच्या दारात कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा. सहज सुटला तर तिथलं रबर सैल आहे. आधी साबणपाण्यानं पुसा, कारण बऱ्याचदा चिकट मळच दार नीट बसू देत नाही. फ्रिजच्या मागे दहा सेंटिमीटर जागा सोडा. लहान घरात तो भिंतीला चिकटलेला असतो आणि उष्णता बाहेर पडायला वाव नसल्यानं कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. आतलं तापमान ४ अंश पुरेसं आहे. फ्रीझरमध्ये बोटाच्या जाडीचा बर्फ दिसला तर वितळवा, पण सुरीनं खरवडू नका, नळीला भोक पडतं.