जुनं आउटबोर्ड परत चालू केलं, माझा अनुभव

मालवणात काकांच्या होडीचं ८ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, बरीच वर्षं पडवीत पडून होतं, दोरी ओढली की फिरायचं पण पेटायचं नाही. प्लग काढून बघितला तर स्पार्क ठीक, मग कार्बोरेटर उघडला, तर जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसून मेन जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) पूर्ण बंद. क्लीनर मारून हवेच्या प्रेशरने साफ केला, तार घालू नका हां, भोक मोठं होतं.

पण खरं काम खाली. लोअर युनिटचे (पंख्याकडच्या खालच्या भागाचे) बोल्ट खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियममध्ये असे धरलेले की जोर लावला असता तर तुटलेच असते, म्हणून गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवले आणि सकाळी थोडी हीट देऊन हळूहळू काढले. इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या वॉटर पंपाच्या रबरी इंपेलरची (चाकाची) पाती वाकून कडक झालेली, तो नवीनच टाका. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं म्हणजे पाणी शिरलेलं, सील बदललं.

मग पिंपात पाणी भरून लावलं, आमच्या इंजिनाला पेट्रोल-ऑइल ५०:१, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल, बाईकचं नाही, आउटबोर्डचंच. मागून पाण्याची धार आली, म्हणजे पंप चालतोय, तेव्हा जीव भांड्यात पडला! आता समुद्रातून आलं की दरवेळी गोड्या पाण्यात चालवून मीठ धुवून काढतो.