उन्हाळ्यात राउटर बंद पडतोय? लाईनवाल्याला फोन करायच्या आधी हे बघा

एप्रिल-मे लागला की जळगाव, भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारी नेट गेलं की सगळे आधी लाईनवाल्याला फोन लावतात. बरेचदा लाईन ठणठणीत असते, तापलेला असतो तो राउटर. ऑफिसात लागणारे बरेचसे राउटर ० ते ४० डिग्रीच्या हवेसाठी बनवलेले असतात (तुमच्या मॉडेलचा आकडा डेटाशीटमधे, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा), आणि पत्र्याच्या शेडमधलं बंद कपाट ४० कधीच पार करतं.

पहिलं काम, नेट कधी जातं ती वेळ लिहून ठेवा. रोज भर दुपारी जातं आणि ऊन उतरलं की आपोआप येतं, तर उष्णतेवर संशय घ्या. शेजारची मोठी मोटार चालू झाली किंवा लाईट आली-गेली की जातं, तर व्होल्टेज.

मग राउटरलाच विचारा. सिस्को कंपनीच्या बऱ्याच मॉडेलवर 'शो एन्व्हायर्नमेंट' ही कमांड टाकली की तापमान, फॅन, पॉवर सप्लाय, व्होल्टेज सगळं दिसतं, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर 'सिस्टम हेल्थ' मधे, पण स्वस्त मॉडेलला सेन्सर कमीच असतात. आतला आकडा खोलीपेक्षा जास्त असणारच, त्याने घाबरू नका. हवा आत येते तिथलं आणि बाहेर पडते तिथलं तापमान दोन्ही मिळत असेल तर त्यातला फरक बघा, लोड तेवढाच असून फरक वाढत चालला म्हणजे हवा कुठेतरी अडतेय.

आणि आपल्याकडे ती अडते कापसामुळे. जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायचा सीझन सुरू झाला की रुईचे बारीक तंतू फॅनच्या जाळीवर बसतात, त्यावर धूळ बसते आणि थोड्याच दिवसात राखाडी नमद्यासारखा थर होतो, जो नखाने सोलला तर अख्खा निघतो. फॅन फिरतोय, आवाज येतोय, पण हवा आत जात नाही. राउटर बंद करून, प्लग काढून साफ करा, ब्लोअर मारताना फॅनचं पातं काडीने धरून ठेवा नाहीतर जोरात फिरून बेअरिंग जातं. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा नका मारू भाऊ, त्यात पाणी असतं.

कूलरचा झोत राउटरवर सोडू नका, थंड वाटतो पण त्यात ओल असते आणि क्षाराचं पाणी उडालं तर बोर्डवर पांढरं बसतं. त्यापेक्षा कपाटाचं दार काढा, राउटर वरच्या फळीवरून खाली आणा आणि इन्व्हर्टरपासून लांब ठेवा.

लाईटचा संशय असेल तर सिस्कोवर 'शो व्हर्जन' मधे शेवटचं रीस्टार्ट कशामुळे झालं ते बघा, 'पॉवर-ऑन' दिसलं तर वीज तुटली होती. बाहेरचा अडॅप्टर असेल तर मल्टिमीटर लावा, १२ व्होल्टचा अडॅप्टर चालू लोडवर ११ च्या खाली येत असेल तर राउटर फेकू नका, अडॅप्टर बदला. सॉकेटची अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, नुसती तिसरी पिन असून भागत नाही.

एकदा निस्तरलं की नजर ठेवायची सोय करा. बरेचसे लॉग (कधी काय झालं त्याच्या नोंदी) राउटरच्या मेमरीतच असतात, लाईट गेली की पुसले जातात, म्हणून ते दुसऱ्या मशीनवर पाठवा आणि राउटरचं घड्याळ एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) बरोबर ठेवा. झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस ही नजर ठेवणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत, एसएनएमपीने (राउटरकडून आकडे मागवायची पद्धत) तापमान आणि फॅनचा ग्राफ काढतात. अलर्टची मर्यादा अंदाजाने टाकू नका, आठवडाभर दुपारचे नेहमीचे आकडे बघा आणि त्याच्या थोडं वर ठेवा, नाहीतर मे महिन्यात फोन दिवसभर वाजेल आणि खरा अलर्ट आला तेव्हा कोणी बघणार नाही.