आधी ‘चा’ला खूण, मग क्ष

माझी आई विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असायच्या. माल कारखान्यात दिला की तपासणीत काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडायच्या. छाटीचे पैसे नाहीत. आज त्याच गल्लीत मी आठवी-नववीची शिकवणी घेते आणि टक्केवारीची शाब्दिक उदाहरणं या हिशेबानेच सुरू करते.

शंभरात पाच विड्या छाट जातात. हजार पास व्हायला हव्यात. आईने वळायच्या किती?

“एक हजार पन्नास की मॅडम!” दरवर्षी हेच उत्तर येतं. मग मी पडताळा घ्यायला लावते. १०५० चे ५ टक्के साडेबावन्न. वजा केले तर ९९७.५. हजार भरतच नाहीत. मुलांनी पाच टक्के काढले हजाराचे, पण छाट जाते ती वळलेल्या सगळ्या विड्यांमधून. त्या किती, हेच तर शोधायचंय. म्हणून वळलेल्या विड्या क्ष.

क्ष − ५क्ष/१०० = १०००
९५क्ष/१०० = १०००
क्ष = १०००००/९५ = १०५२.६…

अर्धवट विडी कारखाना घेत नाही, म्हणून १०५३. फरक तीन विड्यांचा. ज्या घरात रोज हजाराचा हिशेब होतो, तिथल्या मुलीला या तीन विड्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

यावरून माझी एकच सवय लावून घ्या. उदाहरण वाचताना पेन्सिलीने प्रत्येक ‘चा, ची, चे, च्या’ला गोल करा आणि त्याच्या आधीचा शब्द अधोरेखित करा. ‘पगाराचा’, ‘किमतीच्या’, ‘उरलेल्याचा’. टक्के किंवा अपूर्णांक त्याच शब्दाला गुणायचा असतो. आपल्या भाषेने ही सोय करून ठेवलीये, ती वापरायची. समीकरण त्यानंतर.

सगळ्यात जास्त मुलं घसरतात ती ‘उरलेल्याचा’वर. हे बघा: यंत्रमागावरच्या एका कामगाराच्या पगाराचा १/३ भाग घरभाड्यात गेला, उरलेल्याचा १/४ किराण्यात, हातात राहिले ७,५०० रुपये. पगार किती? घाईत मुलं क्ष − क्ष/३ − क्ष/४ = ७५०० मांडतात. उत्तर येतं १८,०००. पूर्ण आकडा आला की मुलं खूश होतात, फसतात ती इथेच. पडताळा घ्या: १८,००० मधून भाडं ६,००० गेलं, राहिले १२,०००. त्याचा चौथा भाग ३,०००. हातात ९,००० राहतात, ७,५०० नाही.

इथे दोन गोल आहेत आणि दोन्हींच्या आधीचे शब्द वेगळे. भाडं पगारातून, किराणा भाडं गेल्यावरच्या पैशातून. अपूर्णांकांची भीती वाटत असेल तर पगार नुसता क्ष न धरता १२क्ष धरा, कारण ३ आणि ४ चा लसावि १२. भाडं ४क्ष, राहिले ८क्ष, किराणा २क्ष, राहिले ६क्ष. ६क्ष = ७५००, म्हणून क्ष = १२५०. इथे थांबू नका! विचारलाय पगार, तो १२क्ष, म्हणजे १५,०००. मी वहीत पहिलीच ओळ ‘पगार = १२क्ष’ अशी लिहून घेते आणि शेवटी तिच्याकडे परत यायला लावते.

किमतीतल्या सवलतीची उदाहरणं यामानाने सोपी. २० टक्के सूट मिळून चादर ४८० ला पडली, तर ४८० वर २० टक्के चढवू नका. सूट छापील किमतीवर असते. ८०क्ष/१०० = ४८०, क्ष = ६००.

शेवटी उणे उत्तर. उन्हाळ्यात सोलापुरात घरोघरी विचारतात, “उजनी किती टक्के?” उजनी म्हणजे आमचं धरण. हे टक्के सगळ्या पाण्याचे नसतात, उपयुक्त साठ्याचे असतात. उजनीचा मृतसाठा, म्हणजे शून्य टक्क्याच्या खुणेखालचं पाणी, ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट), त्याच्यावरचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. धरणात क्ष टक्के असेल तर एकूण पाणी:

६३.६६ + ५३.५७ × क्ष/१००

समजा धरणात ४७.५९ टीएमसी पाणी आहे. मांडून बघा: ५३.५७ × क्ष/१०० = −१६.०७, म्हणजे क्ष जवळजवळ −३०. इथे मुलं खोडरबर काढतात, पाणी उणे कसं असेल म्हणून. पाणी उणे नाहीच, ४७.५९ टीएमसी समोर आहे. फक्त त्याची पातळी शून्य टक्क्याच्या खुणेखाली गेलीये. ते −३० तसंच राहू द्या, पुसू नका.